घागर दिसली की गप्प

आमच्या घरात कुत्रं यायचं ते जाण्यासाठीच. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण लोक ऐकून घेत नाहीत. "एवढा लळा लावून देऊन कसं टाकवतं गं?" असं विचारणाऱ्या बायका स्वतःच्या मुली वाजतगाजत नांदायला पाठवतात आणि मला शहाणपण शिकवायला येतात. आम्हाला मूल नाही म्हणून आम्ही कुत्री सांभाळतो, असंही गल्लीत बोललं जायचं. बोलू द्यावं. कुत्री यायच्या आधी काय बोललं जायचं तेही मला माहीत आहे.

सुरुवात जनावरांच्या दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरमुळे झाली. लातुरात आमचं घर त्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. रस्त्यावरची जखमी कुत्री लोक त्याच्याकडे आणून टाकायचे. तो टाके घालायचा, पाय बांधायचा, पण पुढे त्यांना ठेवायचं कुठे? एकदा माझ्या शाळेच्या वाटेत त्यानं मला थांबवलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं अंगण मोठं हाय. पंधरा दिवस ठिवा, तवर मी घर बघतो." मी हो म्हणाले. नवरा नांदेडला नोकरीला, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. त्याला विचारायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो सासूबाईंचा.

सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत, मीही अव्वाच म्हणायची. त्यांचं माहेर सरहद्दीपलीकडचं, भालकीकडचं. राग आला, माया आली, किंवा जनावराशी बोलायचं असलं की तोंडातून कानडीच यायची. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणाऱ्या ह्या बाई अंगणात कुत्रं कसं खपवून घेणार, असं मला वाटलं होतं. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि अटी घातल्या. कुत्रं उंबऱ्याच्या आत येणार नाही. त्याच्यासाठी घरात अंडं-मटण शिजणार नाही. आणि नाव ठेवायचं नाही.

"नाव ठिवलं की आपलं झालं," त्या म्हणाल्या. "आपलं झालं की देववत न्हाई."

तेव्हा कुत्री ओळखली जायची ती ज्या गावाहून, ज्या जागेवरून आली त्यावरून. औसेवाला, स्टँडवाला, निलंग्याची. अंडी मी शेजारणीकडून उकडून घ्यायची आणि तिच्या अंगणातच चारून यायची. अव्वांना हे ठाऊक होतं. त्यांच्या घरात शिजत नव्हतं एवढ्यावर त्यांचं भागत होतं.

कुत्रं सांभाळण्यात मिळतं काय, हेही लोक विचारतात. मी सांगते, पण त्यांना ते थोडं वाटतं. मार खाल्लेलं कुत्रं आलं की आधी भिंतीला चिकटून बसतं. झोपलं तरी पाय पोटाखाली घेऊन झोपतं, म्हणजे उठून पळता यावं. मग एके दिवशी तुम्ही शाळेतून येता आणि ते अंगणाच्या मधोमध पोट वर करून, चारी पाय पसरून घोरत पडलेलं असतं. गेटचा आवाज झाला तरी नुसतं एक डोळा उघडतं आणि पुन्हा मिटतं. बस, एवढंच. त्या दिवशी मला फार बरं वाटायचं. जेवण गोड लागायचं. आणि त्याच दिवशी कळायचं की आता हे जाण्याजोगं झालं.

धर्माबादच्या कुत्र्याचं सांगते. नवऱ्यानं तो नांदेडहून आणला होता, कापडाच्या पिशवीत. धर्माबादच्या मिरचीच्या बाजारात सापडलेलं पिल्लू, डोळे सुजून बंद, दिवसभर शिंकत असलेलं. त्याचे डोळे उघडायला महिना गेला. मग नांदेडच्याच एका दुकानदाराच्या घरी तो दिला. पुढे बऱ्याच दिवसांनी मी नांदेडला गेले तेव्हा मुद्दाम त्या गल्लीतून चालत गेले. तो दारात बसला होता, अंगानं भरलेला, गळ्यात पट्टा. मला बघून उठला आणि असा भुंकला की आतून मालकीणबाई धावत आल्या. त्यानं मला ओळखलं नाही. मी त्याच्या घरावर आलेली परकी बाई होते. परतीच्या एसटीत मी लोह्यापर्यंत रडले. पण खोटं का बोलू, तेवढी खुशी मला दुसऱ्या कशानं झाली नव्हती. कुत्र्यानं आपलं दार ओळखलं होतं.

मग तो उन्हाळा आला. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा अव्वा तरण्या होत्या. त्या सांगायच्या की जिल्हा झाला म्हणजे आता कचेऱ्या येतील, मोठे साहेब येतील आणि साहेबांच्या मागोमाग पाणी येईल, असं बायकांना वाटलं होतं. "साहेब आले," एवढंच त्या म्हणायच्या. त्या उन्हाळ्यात पाणी रेल्वेनं आलं. नळाचा तर विषयच संपला होता. रस्त्यावर टँकर दिसला की माणसं आधी पळायची, मग टँकर कुणाचा ते विचारायची. क्लासेसना सुट्ट्या लागल्या, होस्टेलं रिकामी झाली, पोरं आपापल्या गावी गेली. त्या पोरांच्या मेसच्या उष्ट्यावर शेकडो कुत्री जगत होती, ह्याचा विचार कुणी केला नव्हता. मीही नाही.

आमच्या अंगणातल्या बोअरला मात्र पाणी होतं. करंगळीएवढी धार, तीही थांबून थांबून, पण होती. अव्वांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पान्याला आलेल्याला ह्या दारातून माघारी लावायचं न्हाई." पूजा झाली की त्या स्वतः गेट उघडायच्या आणि ओट्यावर बसायच्या. बाया घागरी, कळशा, तेलाचे डबे घेऊन यायच्या. भांडण झालं तर अव्वा मिटवायच्या. त्या भांडणं मिटवायच्या म्हणजे दोघींनाही शिव्या घालायच्या.

अशातच होस्टेलवाली आली. बंद पडलेल्या मेसच्या मागे नालीत सापडली होती. तांबूस रंग, एक कान फाटलेला, मागच्या पायात जुनी जखम. हाडं इतकी वर आलेली की डॉक्टरनं तिला उचलताना मान फिरवली. "जगंल की न्हाई सांगता येत न्हाई," तो म्हणाला. आठवडाभर तिनं ताकात कुस्करलेल्या भाकरीशिवाय कशाला तोंड लावलं नाही. मी शाळेत असताना तिला कोण चारायचं ते मी विचारलं नाही आणि अव्वांनी सांगितलं नाही.

अंगात थोडी ताकद आली तशी ती भुंकायला लागली. आणि भुंकायची कुणावर, तर पाण्याला येणाऱ्या बायांवर. घागरीला घागर आपटली की धावून जायची. एक गरोदर पोरगी घाबरून घागर टाकून पळाली. दोन-तीन घरच्या बाया यायच्या बंद झाल्या. लांबच्या टँकरवर जायला लागल्या, उन्हातान्हात. मी डॉक्टरला म्हणाले, तिला दुसरीकडे हलवू. अव्वा म्हणाल्या, "थांब."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिला ओट्याशी, आपल्या पायापाशी बांधलं. मांडीवर भाकरी. घागर घेऊन बाई आत आली की ही उठायची, कान टवकारायची. तोंड उघडायच्या आत अव्वा खालच्या आवाजात म्हणायच्या, "सुम्मनिरु." म्हणजे गप्प बस. ती गप्प बसली की भाकरीचा तुकडा. भुंकली तर काही नाही, रागवायचं नाही, मारायचं नाही, फक्त तुकडा नाही. उपाशी राहिलेल्या जीवाला एवढं पुरे झालं. पंधरवडा झाला नाही तोच घागर दिसली की ती शेपूट हलवायला लागली. मग दोरी सोडली. मग ती बायांच्या बरोबर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायला लागली, भरलेल्या घागरीच्या मागे मागे. सांडलेलं पाणी चाटायची आणि परत यायची. बाया हसायच्या, कुणी पदरातून बिस्कीट काढून द्यायची. ती गरोदर पोरगी पुन्हा यायला लागली.

अव्वांना अशी मिजास करताना मी कधी पाहिलं नव्हतं. आल्यागेल्याला सांगायच्या, "मानसाला शिकवून शिकत न्हाई, हे बगा." आणि नवऱ्याला फोनवर, "तुझ्या बायकोनं आनलं, पर शाळा मी घेतली." मला हसू यायचं. खरं सांगायचं तर मी थोडी जळायचीही. कुत्री आजवर माझी होती, ही अव्वांची होती. पण ओट्यावर त्या म्हाताऱ्या बाई आणि खाली ती तांबडी कुत्री अशा दोघी सकाळच्या उन्हात बसलेल्या दिसल्या, की शाळेला जाताना माझा पाय निघायचा नाही.

ती पाठीवर झोपायला लागली तेव्हा निलंग्याकडचा नवऱ्याचा मावसभाऊ येऊन गेला. आखाड्यावर कुत्रं पाहिजे होतं. आमच्याकडे शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. मी कुत्रं देताना जे विचारायचं ते सगळं विचारलं. सावली आहे का? आहे, चिंचेची. खायला काय? आमच्यात जे असेल ते. दिवसा बांधणार का? "न्हाई वयनी, मोकळीच ऱ्हाईल. राखनीला पाहिजे, बांधून काय करू?"

राखणीला. तो शब्द मी ऐकला आणि मान हलवली. शेतावरच्या कुत्र्याचं कामच राखण, त्यात विचारायचं काय? पण त्या साली शेतात राखायला होतं काय? ज्वारी नाही, सोयाबीन नाही, ऊस तर मोडून गेला होता. रानडुकरंसुद्धा कुठे निघून गेली होती. राखण कशाची, एवढा एक प्रश्न कुणाच्याही तोंडी आला नाही. माझ्या नाही, अव्वांच्या नाही, नांदेडहून फोनवर "देऊन टाका, घरचाच माणूस आहे" म्हणणाऱ्या नवऱ्याच्या नाही. आम्ही तिघं पाण्याच्या बोअरभोवती राहत होतो आणि पाणी राखायचं असतं, हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

ती जाताना अव्वांनी तिच्या वाकळीचा तुकडा फाडून जीपमध्ये टाकला. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला तेवढं द्यायचंच, म्हणजे नव्या जागी पहिली रात्र ओळखीच्या वासावर जाते. तिनं जीपमध्ये उडी मारली नाही, उचलून ठेवावं लागलं. मी नेहमी करते तसं घरात निघून गेले. निरोप देताना मागे वळून पाहणारी माणसं मला आवडत नाहीत. जनावर त्या बघण्यात अडकतं. अव्वा मात्र गेटात उभ्या राहिल्या. आत आल्या तेव्हा म्हणाल्या, "पंचमीपोतर कुनी तिकडं जायचं न्हाई. माहेरचं मानूस दिसलं की नव्या नवरीचं मन लागत न्हाई."

मी तो नियम पाळला. त्या मात्र दर सोमवारी मला फोन लावायला लावायच्या. "बरी हाय," एवढंच उत्तर यायचं. मग नुसतं "हाय" यायला लागलं. मग फोन उचलेना.

कळलं ते गल्लीतल्याच एका बारशाला. निलंग्याकडची एक पाहुणी माझ्याशेजारी बसली होती. कुठली, कुणाची, असं बोलता बोलता ती त्या मावसभावाच्या शेजारची निघाली. "तुमचंच होय ते कुत्रं?" ती म्हणाली आणि हसली. "लई गुनाचं निघालं. हौदातलं पानी चोरून न्हेलं लोकांनी, अन् हे त्यांच्या मागं मागं बांधापोतर गेलं म्हणं." भोवतालच्या बायाही हसल्या. मी हातातलं ताट खाली ठेवलं.

तो शनिवार होता. नवरा नांदेडहून आला तो पिशवी ठेवायच्या आतच मी त्याला बाहेर काढलं. आम्ही निलंग्याला उतरलो आणि तिथून एका ओळखीच्याच्या मोटरसायकलवर आखाड्यावर गेलो. चिंच होती. खाली मोकळी साखळी पडलेली होती. कुत्री नव्हती.

मावसभाऊ वाईट माणूस नाही, हे मला लिहावंच लागेल, जरी त्या दिवशी माझ्या तोंडून तसं निघालं नाही. त्यानं टँकर विकत घेऊन हौद भरून ठेवला होता, दावणीच्या म्हशींसाठी. आसपासच्या वस्त्यांवर थेंब नव्हता. हौदाला राखण पाहिजे म्हणून कुत्रं आणलं. पहिल्या आठवड्यात ती एका कोल्ह्यावर अशी धावून गेली की तो खूश झाला होता. मग एका पहाटे माणसं आली, घागरी आणि कॅन घेऊन. त्यांच्या भांड्यांचा आवाज ऐकून ही उठली असेल, शेपूट हलवत गेली असेल. घरात झोपलेल्यांना काही कळलं नाही. सकाळी हौदाचा तळ दिसत होता. त्यानं तिला मारलं, साखळी घातली. पुन्हा माणसं आली. पुन्हा ती गप्प. म्हशी विकाव्या लागल्या.

"मी काय करावं, सांगा वयनी?" तो म्हणाला. "रातभर म्या जागावं का आता? तुमी भुंकायचं बंद करून कुत्रं दिलं मला. आधी सांगायचं तरी."

"ती हाय कुठं भाऊजी?"

"मारलं न्हाई म्या तिला," तो म्हणाला. आणि मग, दुसरीकडे बघत, "औशाच्या मोंढ्यात सोडून आलो. तिथं खायला भेटतंय."

नवऱ्यानं माझा हात धरला नसता तर मी काय बोलले असते कुणास ठाऊक. जे बोलले तेच पुरेसं वाईट होतं. तेवढ्यात तिथं बसलेला एक म्हातारा विषय बदलावा म्हणून म्हणाला, "आता उदगीर जिल्हा होऊन राहिलाय म्हनत्यात. मग निलंग्याचं बी काईतरी व्हईल." त्या माणसाचा काही दोष नव्हता, पण मला तोही नकोसा झाला.

औशाला उतरलो तेव्हा दुपार उतरत होती. मोंढ्यात माल नव्हता, माणसं नव्हती, रिकाम्या पोत्यांवर हमाल झोपले होते. कुत्री होती, पण ती आमची नव्हती. एका चहावाल्याला विचारलं. त्यानं रंग विचारला, कान विचारला. "ती व्हय," तो म्हणाला. "ती हितं न्हाई ऱ्हात. टँकर लागतो तिकडं बगा. घागरीच्या मागं मागं करायची सारखी. बायांनी लई हाकललं, पर जाईच ना."

टँकरच्या जागी घागरींची रांग लागलेली होती. माणसं सावलीला बसली होती आणि उन्हात घागरी आपापल्या मालकिणींच्या जागा धरून उभ्या होत्या. मी विचारत सुटले. एक बाई म्हणाली, कुत्र्यानं घागरीला तोंड लावलं तर ते पाणी कुणी प्यायचं? दुसरी म्हणाली, परवा कुणीतरी दगड घातला. कुणी, ते कुणाला माहीत नव्हतं. ती कुठं गेली, तेही.

मला तिला हाक मारायची होती आणि हाक मारायला नाव नव्हतं. नवरा शीळ घालत एका बाजूला गेला. मी रांगेच्या टोकाला उभी राहिले. तिला आमच्या घरचा एकच शब्द येत होता. तोच मी ओरडले. "सुम्मनिरु." भर चौकात, मोठ्यानं, पुन्हा पुन्हा, गप्प बस, गप्प बस. सरहद्दीकडच्या दोन बाया त्या रांगेत असाव्यात, त्या वळून बघायला लागल्या. त्यांना वाटलं असेल, ही बाई उन्हानं फिरली.

एका मोडक्या हातगाड्याखालून आवाज आला, शेपूट पत्र्यावर आपटल्याचा. मी वाकून पाहिलं. ती आडवी पडली होती. मागचे दोन्ही पाय लुळे, कंबरेपाशी माश्या. मला बघून तिनं मान उचलली आणि शेपटी नुसती टोकाशी हलली. रडण्याइतकाही आवाज तिनं केला नाही. तिला आवाज करायचा नाही, हेच आम्ही शिकवलं होतं.

रिक्षा करून तिला लातूरला आणलं. तरुण डॉक्टर घरीच आला. त्यानं पाठीवरून हात फिरवला, एका ठिकाणी थांबला आणि माझ्याकडे न बघता अव्वांकडे बघून म्हणाला, "कंबर गेलीय. आतून बी रक्त जाऊन राहिलंय. मी दुखणं थांबवू शकतो फक्त." त्यानं सुई दिली आणि सांगितलं की आता तासा-दोन तासांचं आहे. त्याचेही डोळे भरले होते. तरुण होता अजून.

मी अंगणात वाकळ टाकली. अव्वा म्हणाल्या, "आत घे."

"कुठं?"

"आत." त्यांनी उंबऱ्याकडे हात केला. आम्ही तिला वाकळीसकट उचलून पुढच्या खोलीत ठेवलं. अव्वा भिंतीला टेकून खाली बसल्या आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. वाटीत पाणी घेऊन बोटानं तिच्या जिभेवर सोडत राहिल्या. त्या कानडीत काहीतरी बोलत होत्या. मला कानडी येते ती कामापुरती, सगळं कळलं नाही. एक मात्र कळलं. त्या तिला भुंक म्हणत होत्या. भुंक गं बाई, एकदा भुंक. ती त्यांच्याकडे बघत राहिली. नवरा माझ्यामागे उभा होता, तो बाहेर निघून गेला.

ती गेली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. आमच्यात माणसाला पुरतात, जाळत नाहीत. अव्वांनी देवघरातून विभूती आणली, तिच्या कपाळावर तीन बोटं ओढली आणि म्हणाल्या, "अंगणातल्या बोरीखाली." नवऱ्यानं टिकाव घेतला. जमीन इतकी कोरडी होती की टिकावाचा आवाज दगडासारखा येत होता. वीतभर खणायला घाम निघाला. पाणी ओतून जमीन मऊ करावी, असं तो म्हणाला. अव्वा नको म्हणाल्या. पाणी लोकांचं आहे, म्हणाल्या.

त्यानंतर त्या ओट्यावर बसेनाशा झाल्या. गेट मीच उघडायची. बाया विचारायच्या, अव्वांना बरं नाही का? मी सांगायची, उन्हाचं होतंय. त्यांच्याशी मी त्या विषयावर बोलले नाही. काय बोलणार? तुम्ही चांगलं शिकवलंत, असं म्हणावं तर ती त्यानंच मेली होती. चुकलंत, असं म्हणावं तर तहानलेल्या माणसावर भुंकू नको, यात चूक काय होती, हे मला आजही सांगता येत नाही. मावसभावाचा राग मी बरीच वर्षं धरला. तोही आता निवळला आहे. ज्याच्यावर रागवावं असं कुणी हाताला लागत नाही, याचाच राग येतो.

मृग कोरडा चालला होता. एके दिवशी डॉक्टर गेटात आला, हातात काळं पिल्लू. कुणीतरी भाडेकरू घर सोडून पुण्याला गेले आणि जाताना ह्याला जिन्याला बांधून गेले होते. "मॅडम, न्हाई म्हनलात तर मी समजून घेईन," तो म्हणाला. मी नाहीच म्हणणार होते. शब्द तोंडात आलेला होता. मागून अव्वा म्हणाल्या, "ठिव इथं."

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून त्या बऱ्याच दिवसांनी ओट्यावर येऊन बसल्या. मांडीवर भाकरी होती. पिल्लू पायाशी बांधलेलं. मी गेट उघडलं. पहिली बाई आत आली, तीच, जी तेव्हा गरोदर होती. आता काखेला तान्हं आणि डोक्यावर घागर. पिल्लू ताडकन उठलं आणि आपल्या कोवळ्या आवाजात जीव तोडून भुंकायला लागलं. बाई जागीच थांबली. तिनं अव्वांकडे बघितलं. तो शब्द येईल म्हणून ती वाट बघत होती, मीही बघत होते.

अव्वांनी मांडीवरची भाकरी हातात घेतली.

"अव्वा, त्येला गप करा की," ती म्हणाली. "लेकरू भ्यायलंय."

"न्हाई," अव्वा म्हणाल्या. "त्याला उद्या दुसऱ्याच्या दारात जगायचं हाय."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि भुंकणाऱ्या पिलाच्या पुढ्यात टाकला. ते खाऊन पुन्हा भुंकलं. त्यांनी पुन्हा तुकडा टाकला. ती बाई लेकराचा कान झाकत मागे मागे सरकली आणि गेटाबाहेर जाऊन उभी राहिली. तिच्या मागच्या बायाही तिथंच थांबल्या. मी बाहेर गेले आणि त्यांच्या घागरी एकेक करून आत आणायला लागले.